घाट चढलेली सायकल

सकाळपासून वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. दुकानाबाहेरची पाटी भिंतीवर डोकं आपटून घेत होती, समोरच्या वेल्डरच्या पत्र्यांना कापरं भरलं होतं आणि तेलमावशी दाराकडे पाठ करून एका पायमशीनच्या पोटात हात घालून बसली होती. आत दोरा अडकला होता. चिमट्याने तो ओढता ओढता ती मशीनलाच दटावत होती, "गिळायचं तेवढं गिळलंस ना? आता ओक."

तेलमावशी म्हणजे शिलाई मशीनं दुरुस्त करणारी बाई. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं; तो वारला तो नाव सोबत घेऊनच. बोटं कायम तेलकट, डोक्याला मात्र तेलाचा थेंब नाही. तिच्या दुकानात आलेली वस्तू तशीच परत गेली असं कधी घडलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरूही द्यायची नाही. मशीनच्या जोडीला लोक छत्र्या, कुकर, बॅगांच्या चेनी, बंद पडलेली घड्याळं आणून टाकायचे. मावशी एकदा हात लावायची आणि वस्तू गुमान चालू लागायची. वेल्डरचा याच एका गोष्टीवर जळफळाट व्हायचा. "एक दिवस मावशी हात टेकणार," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मावशी इकडून ओरडायची, "वाट बघ! म्हातारा होशील!"

तर त्या सकाळी दोरा सुटला आणि तेवढ्यात दारात भूगोलबाईंचा नवरा येऊन ठेपला. खांद्यावर सायकल, आणि वाऱ्यामुळे सायकलच त्याला घेऊन आल्यासारखी दिसत होती.

भूगोलबाई ही मावशीची जिवाभावाची मैत्रीण. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली, रोज दुपारी चहाला दुकानात हजर. तरुणपणी ती म्हणे याच माउंटन बाइकवरून डोंगरातला अख्खा घाट चढली होती. एकटी, कुठेही पाय न टेकता. हा घाट तिने वर्गात शिकवला होता, सुनेला ऐकवला होता, आणि नवऱ्याने तर त्याच घाटावर भाळून तिच्याशी लग्न केलं होतं. मावशीला तो इतका पाठ झाला होता, की कोणत्या वळणावर कोल्हा आडवा आला हेसुद्धा ती झोपेत सांगू शकली असती.

"रविवारी हिचा वाढदिवस आहे," नवरा धापा टाकत म्हणाला. "सगळ्यांना इथेच गल्लीत बोलावलंय. सगळ्यांसमोर ही सायकल चालवणार. होईल ना हो दुरुस्त?"

"हे काय विचारणं झालं?" मावशी म्हणाली. "ठेवा तिकडे."

आता खरी गोष्ट अशी, की भूगोलबाईला सायकल येत नव्हती. हल्ली येत नव्हती असं नव्हे. कधीच येत नव्हती. सायकल होती तिच्या भावाची. घाटही तोच चढला होता. पुढे तो लांब नोकरीला गेला आणि सायकल बहिणीच्या गळ्यात मारून गेला. सायकलबरोबर घाटही आपल्याकडेच आला अशी बाईने समजूत करून घेतली. कुणी म्हटलंच, "मग एक चक्कर मारून दाखवा की," तर ती सुस्कारा टाकायची, "गिअर मोडलाय हो, नाहीतर..." त्या मोडक्या गिअरने तिची आयुष्यभर इमानेइतबारे लाज राखली होती.

दुपारी चहाला आली तर समोर सायकल उलटी टांगलेली आणि मावशी चाक फिरवतेय. बाईने उचललेला कप तसाच बशीत ठेवला.

"अगं, कशाला हा उपद्व्याप? जुनी झाली ती."

"जुनी म्हणून काय झालं? आपण काय नव्या आहोत?" मावशी म्हणाली. "गप बस आणि हा पाना धर."

काम सोपं नव्हतं. सीटचा दांडा नळीत गंजून बसला होता; तेल पाजून पाजून मावशीने तो हलवला. चेन रॉकेलमध्ये भिजत घातली. चाकांतले छर्रे काढून बशीत धुतले, जाड टायरांच्या दातांमधली माती सुईने कोरून काढली. हात लावेल ती गोष्ट चमकू लागली आणि तसतसा बाईचा चेहरा काळवंडू लागला.

मग वस्तू गायब व्हायला लागल्या. आधी गेलं गिअरचं छोटं चाक.

"उंदीर लोखंड नेतात का गं?" मावशीने विचारलं.

"हल्लीच्या उंदरांचं काय सांगावं?" बाई पिशवी छातीशी धरत म्हणाली.

मावशीने बॉबिन भरायच्या चाकाला कानस मारून नवं चाक केलं. मग ब्रेकची तार गेली, दुसरी आली. मग अख्खं सीट गेलं. त्या दिवशी बाई आली तेव्हा सडसडीत होती आणि जाताना तिला चांगलंच पोट सुटलेलं होतं, पण मावशीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मशीनवरचं गादीचं झाकण आणि जुना चामडी पट्टा घेऊन मावशीने असं सीट शिवलं, की बघूनच बसावंसं वाटावं.

बाईने कपाळाला हात लावला. "तुला काहीच कसं अशक्य नाही गं?"

"नाहीच!" मावशी खूश होऊन म्हणाली.

शनिवारी बाईने पेडल ढापलं, पण पिशवीने दगा दिला. बंद तुटला आणि पेडल, तार, चाक, सगळं मावशीच्या पायाशी खळखळलं.

"उंदरीण सापडली," मावशी म्हणाली. "बोल."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

"म्हणजे आता सवय राहिली नाही?"

"म्हणजे सवय लागलीच नाही."

मावशी स्टुलावर बसली. पायाशी पडलेलं पेडल तिने उचलून घेतलं. मग म्हणाली, "आणि कोल्हा?"

"कोल्हा दादाला दिसला होता."

"मेले! तो कोल्हा मी किती जणांना सांगितला असेल!"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरात कसं तोंड दाखवू मी? यांचा केवढा विश्वास आहे त्या घाटावर. तू फक्त एवढंच म्हण, की दुरुस्त होत नाही."

"मी?" मावशी ताडकन उठली. "दुसरं काहीही सांग. तुझा पाय मोडून देते, हवं तर. एका फटक्याचं काम आहे. पण ते बोलणार नाही मी. समोर तो टपून बसलाय! त्यापेक्षा शीक. ऊठ. आत्ता!"

मागच्या अंगणात शिकवणी झाली. बाई आधी पाण्याच्या पिंपावर गेली, मग वाळत घातलेल्या चादरीत, आणि शेवटी थेट मावशीवर. शिकवणी संपली.

रविवारी गल्लीत ही गर्दी. शेजारीपाजारी, शाळेतल्या जुन्या बाया, सून, आणि हाताची घडी घालून वेल्डर. नवऱ्याने भाषण केलं. त्यात घाट दोनदा आला. सायकल अशी झळकत होती की मावशीला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. बाई सीटवर चढली. मागून मावशीने सीट घट्ट धरलं होतं.

"सोडा मावशी!" लोक ओरडले.

मावशीच्या हाताला बाईची थरथर लागली. पेच ढिले झालेलं मशीन हादरतं तशी सगळी सायकल हादरत होती, आणि यातला एकही पेच सायकलचा नव्हता.

"थांबा," मावशी म्हणाली. "उतर गं. फ्रेमला तडा आहे."

वेल्डर एका उडीत रस्ता ओलांडून आला. "कुठाय?"

"आत."

"आतला बाहेरून कसा दिसला?"

"दिसला नाही. हाताला लागला."

"मग काय, आत्ता टाका मारून देतो!"

"पातळ नळी आहे. भोक पाडशील."

"मग तुम्ही करा की दुरुस्त!"

मावशीने हात पुसले. मग पुन्हा पुसले. "मला नाही जमणार," ती म्हणाली.

"काय म्हणालात?" वेल्डरने कानामागे हात धरला.

"नाही जमणार म्हटलं! आता काय भोंगा लावून सांगू?"

वेल्डरचा चेहरा असा फुलला, की वाढदिवस त्याचाच असावा. आणि भूगोलबाईला एकदम कंठ फुटला. "तडा जाणारच हो! असा तसा घाट होता का तो? शेवटच्या चढाला मला 'कट्ट' असा आवाज आलाच होता!"

"बघा!" नवरा भरल्या डोळ्यांनी लोकांना म्हणाला. "फ्रेम तडकली, पण ही उतरली नाही!"

मावशीने बाईकडे असं पाहिलं, की तिचं तोंड आवळायला पान्याची गरजच नव्हती.

सोमवारी एक शिंपी मशीन घेऊन आला. ठेवावं की न ठेवावं अशा विचारात दारातच घुटमळला. "मावशी, हे होईल ना हो? नाही, कालचं ऐकलं म्हणून..."

आत चहा गाळणाऱ्या बाईला ते ऐकवेना. ती पुढे आली. "अहो, कालचं जे झालं ना, ते खरं म्हणजे मीच..."

मावशीने तिच्या पायावर पाय दिला. शिंप्याला म्हणाली, "ठेवायचं तर ठेवा, नाहीतर समोर जा. तो चांगला टाका मारून देईल."

शिंप्याने मुकाट्याने मशीन ठेवलं आणि तो गेला.

"खरं सांगणार होतीस होय गं?" मावशीने विचारलं.

"सांगणार होते."

"मग माझं कालचं बोलणं पाण्यात गेलं असतं ना, बये! साखर जास्त घाल."

तिने मशीन आडवं केलं, खालची पट्टी उघडली आणि मशीनच्या दातांत साठलेला कापसाचा भुगा ब्रशने काढू लागली.