कापसातली कासवं

नळदुर्गला महामार्गाच्या कडेला, धाब्यांच्या रांगेपासून जरा सुटं असं, हनीफ नदाफांचं गाद्यांचं दुकान आहे. पुढं पत्र्याचं शेड, मधल्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मागं राहतं घर. ट्रकच्या केबिनमधली गादी दबून दबून भाकरीसारखी झाली की ड्रायव्हर इथं थांबतात. हनीफचाचा ती उसवतात, आतला कापूस पिंजतात, त्यात चार मुठी नवा घालतात आणि ड्रायव्हर जेवून, डुलकी काढून येईतो गादी फुगवून हातात देतात.

साठी ओलांडली तरी चाचांना निवांत बसलेलं कुणी पाहिलं नाही. दाभण हातात असेल तर हात चालतात, नसेल तर पाय चालतात. शेजारचा चहावाला बंडप्पा म्हणतो, "आधार कार्डावरचा फोटोसुद्धा हलल्याला हाय ह्या माणसाचा." चाचा हसतात, आणि हसता हसता बंडप्पाचीच वाकडी बाकडी ओढून सरळ करतात.

या माणसाला ताठा होता तो एकाच गोष्टीचा. कापसाचा. त्यांचे वडील खांद्यावर पिंजण टाकून पार माकणीपर्यंत पायी हिंडायचे, आणि पिंजणीचा आवाज गल्लीत घुमला की बाया जुन्या गाद्या घेऊन दारात यायच्या. घरात बाळ जन्मलं की त्याचं पहिलं अंथरूण ताज्या पिंजलेल्या कापसाचं, त्यावर मलमलीचं फडकं, ही नदाफांच्या घरातली रीत. चाचांची तिन्ही पोरं तशीच निजली होती. "आमच्या कापसानं आजवर कुणाला इजा झाली न्हाय," हे वाक्य चाचा गिऱ्हाइकाला गादीबरोबर फुकट द्यायचे.

तर डिसेंबरच्या सुरुवातीला एका ड्रायव्हरनं गादी भरून घेतली आणि जाताना केबिनमधून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. आत कासवाची चार पिल्लं होती. लिंबाएवढी. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. घरात शुभ असतात म्हणून त्याला कुणीतरी वाटेत दिली होती.

"चाचा, केबिनमध्ये इंजिनाच्या गरमीनं मरतील ही. चार दिवसांत परत येतो, तवर ठेवा."

चार दिवसांचे पंधरा झाले. ड्रायव्हर आला नाही, आणि पुढं त्याचा फोनही लागेना.

"हिरीत सोडा की," बंडप्पानं सल्ला दिला. "आमच्या हिरीत एक हाय, माझ्या आज्याच्या टायमापासनं. पाणी कसं निवळ ऱ्हातं."

चाचा खोकं उचलून निघालेच होते. फरिदाबीनं दारात अडवलं. फरिदाबी त्यांची बायको. बोलायची कमी, बघायची जास्त.

"अजी, पाय बघा त्यांचे. बदकावानी पडदा हाय का बोटांना? हत्तीचे पाय हाईत हे. हिरीत टाकली तर दगडावानी बुडतील."

चाचांनी पाय बघितले. खोकं परत आत गेलं, आणि त्या दिवसापासून कासवं घरची झाली. चाचा सकाळी ओढ्याच्या कडेनं घोळीची भाजी शोधत जायचे, जास्वंदीची पानं बारीक चिरायचे, ताटलीत बोटभर कोमट पाणी करून पिल्लांना त्यात उभं करायचे. त्यातलं एक भारी खटपट्या होतं. सारखं खोक्याच्या कडेला चढायचं, उलटं पडायचं, पाय हलवत सरळ व्हायचं, पुन्हा चढायचं. चाचांनी त्याचं नाव पळ्या ठेवलं.

"तुमच्यावर गेलंय," फरिदाबी म्हणाली.

मग थंडी वाढली. सकाळी पिल्लं हातात घेतली तर ओढ्यातल्या गोट्यासारखी गार लागायची. चाचांना चैन पडेना. त्यांनी नव्या कापसाची एक खेप खास बारीक पिंजली, धुरासारखी हलकी केली आणि खोक्यात भरली. चारही पिल्लं त्यात दिसेनाशी झाली. मलमल अंथरायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण पाठ तर दगडाची, हिला मलमल कशाला, असं म्हणून त्यांनी राहू दिलं.

आठवड्याभरात पळ्याचं चढणं थांबलं. चाचांना वाटलं, थंडी बाधली. त्यांनी आणखी कापूस घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाल्याला तोंड लावलं नाही, तेव्हा आणखी थोडा. तिसऱ्या दिवशी उन्हात धरून पाहिलं तर मागचा डावा पाय फुगून जांभळा पडला होता, आणि पायाच्या मुळाशी कापसाच्या तंतूंचा पीळ बसला होता. पिल्लू जितकं चाललं, तितका तो आवळत गेला होता.

चाचांनी बारीक कात्री आणली. हजारो गाद्यांचे टाके उसवलेल्या हातानं त्यांनी तो पीळ कापला. रक्ताचा एक थेंब आला. पीळ निघाला. त्यांनी तो चुलीत टाकला आणि फरिदाबी यायच्या आत खोक्यातला सगळा कापूस काढून पोत्यात कोंबला.

"काय झालं वो?" बंडप्पानं विचारलं. चहाच्या टपरीवर चार माणसं होती.

"ट्रकमधीच मोडल्याला व्हता पाय," चाचा म्हणाले. "आता सुजला."

शब्द तोंडातून सहज गेला, आणि गेल्यावर अडकला. तेच त्यांनी फरिदाबीला सांगितलं. तिनं पिल्लू हातात घेतलं, रिकाम्या खोक्याकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या पोत्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "डॉक्टरकडं न्या."

जनावरांच्या दवाखान्यात शिवांजली नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पळ्याला तळहातावर घेतलं आणि आधी चाचांकडं रोखून पाहिलं.

"चाचा, हे चांदणी कासव आहे. घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे."

"म्या पाळलं न्हाय, मॅडम. सांभाळलं."

त्या हसल्या, पण फोन त्यांनी लावलाच. वनविभागाची गाडी शनिवारी येईल, चारही पिल्लं सोलापूरला नेतील, तोवर पायावर उपचार करू, असं ठरलं. खाली वर्तमानपत्राचा कागद घाला, ऊन द्या, असंही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पायाला झालं काय?"

"ट्रकमधी दबला," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, सुई दिली, मलम दिलं.

पुढचे तीन दिवस चाचांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एका ड्रायव्हरची गादी त्यांनी उलट्या बाजूनं शिवली. मशीन सुरू करायचे, बंद करायचे, आत जाऊन खोक्यात बघायचे, परत यायचे, भाकरी ताटात तशीच ठेवून पुन्हा उठायचे. बाकीची तिघं कागदावर खुडखुड करत फिरायची. पळ्या एका कोपऱ्यात डोळे मिटून. चाचा बोटानं हळूच ढोसायचे. पिल्लू डोकं आत घ्यायचं, आणि तेवढ्यावर चाचांचा जीव तासभर थाऱ्यावर राहायचा.

"बसा की जरा," फरिदाबी म्हणायची. "तुम्ही फेऱ्या मारून त्याचा पाय बरा व्हायचा न्हाय."

गुरुवारी डॉक्टरांनी पाय पुन्हा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नुसता दबला असता तर एव्हाना सूज उतरायला पाहिजे होती. ही तर चढतेय. उद्यापर्यंत असंच राहिलं तर पाय मुळापासून काढावा लागेल, चाचा. आणि एवढ्याशा जिवाला ते झेपेल याची खात्री नाही."

चाचांनी मान हलवली, खोकं उचललं आणि बाहेर आले. फाटकाजवळ एक बाई म्हैस घेऊन उभी होती. तिच्या बाजूनं ते रस्त्यापर्यंत गेले. रस्त्यावरून फाटकापर्यंत आले. पुन्हा रस्त्यापर्यंत गेले. पीळ कापला होता, हे खरं. पण पिंजलेल्या कापसाचा तंतू कसा असतो हे नळदुर्गात त्यांच्याएवढं कुणाला माहीत होतं? कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. वरचा पीळ निघाला तरी आत रुतलेला एखादा तसाच राहणार, आणि डॉक्टर तो शोधणार नाहीत. कारण आत काही आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"अवो बाबा, किती येरझाऱ्या घालता," म्हशीवाली बाई म्हणाली. "म्हस बुजायली माझी."

चाचा वळले आणि सरळ आत गेले.

"मॅडम, ट्रकमधी न्हाय. माझा कापूस हाय आत. तंतू गुंडाळला व्हता पायाला. म्या कापला, पर समदा निघाला नसंल."

शिवांजलीबाईंनी पिल्लू पुन्हा टेबलावर घेतलं. "हे सोमवारीच सांगितलं असतं तर?"

"जीभ रेटली न्हाय," चाचा म्हणाले. "बाळाला मलमल घालतो आमी. ह्यांना न्हाय घातली."

डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं, दिवा जवळ ओढला. चाचांनी पिल्लू धरलं. चिमटा सुजलेल्या कातड्याच्या घडीत गेला, रिकामा आला, पुन्हा गेला. कितीतरी वेळानं एक लांब, रक्तानं माखलेला तंतू हळूहळू बाहेर आला. त्याच्यामागं दुसरा. पळ्यानं पाय झाडला. पहिल्यांदाच.

"जिवंत आहे पाय," डॉक्टर म्हणाल्या. "दोन नखं जातील. थोडं लंगडेल. पण काढावा लागणार नाही."

चाचांनी तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसले. मग उगाच टेबलावरच्या बाटल्या सरळ रांगेत लावू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

शनिवारी सकाळी वनविभागाची जीप आली. वनरक्षक कृष्णराज, तरुण पोरगा, मोठा अदबशीर. कागद झाले, सही झाली. टपरीवरून बंडप्पा आणि नेहमीची पाच-सहा माणसं चहा सोडून बघायला आली. चाचांनी चारही पिल्लं एका पसरट खोक्यात ठेवली. पळ्यानं औषध लावलेला पाय कागदावर टेकवला, उचलला, परत टेकवला.

कृष्णराजनं खोकं हलवून बघितलं. "वाटेत फार खड्डे आहेत, चाचा. आदळतील." त्याची नजर मशीनपुढच्या ढिगावर गेली. सकाळीच पिंजलेला, पांढराशुभ्र. त्यानं दोन्ही हातांनी भरपूर कापूस उचलला. "हा घेऊ का खाली घालायला?"

"घ्या, घ्या साहेब," बंडप्पाच बोलला. "असा माल सोलापुरात बघायला भेटायचा न्हाय."

चाचा मध्ये आले. "ठेव तो खाली, बेटा."

"थोडाच घेतो, चाचा."

"एक बोंडभर पण नगो." चाचांचा आवाज चढला, तशी माणसं जवळ सरकली. "पाय ट्रकमधी मोडला न्हाय त्याचा. माझ्या कापसानं कापला. म्या भरला व्हता खोक्यात, माझ्या हातानं. नंतर तुम्हा समद्यांना खोटं बोललो."

रस्त्यावरून एक टँकर गेला. कृष्णराजनं कापूस परत ढिगावर ठेवला आणि हात झटकले. बोटांना चिकटलेले तंतूही एकेक करून काढले.

"आता काय घालू खाली?" त्यानं विचारलं. "मला तर गाडी चालवायची."

फरिदाबी दारातून म्हणाली, "मांडीवर घेऊन बसायला माणूस लागंल."

कृष्णराजनं चाचांकडं पाहिलं. चाचांनी दुकानाकडं पाहिलं. एक अर्धी उसवलेली गादी पडली होती, तिचा मालक धाब्यावर जेवत होता.

"त्याला म्या चहा पाजतो, बसवून ठेवतो," बंडप्पा म्हणाला. त्यानं चाचांच्या नजरेला नजर दिली नाही, पण जीपचं दार त्यानंच उघडलं. "जावा तुम्ही. पर गाडीत तरी नीट बसा, हनीफभाई. चुळबूळ केली तर कासवं म्हणतील खड्डे बरे."

चाचा पुढच्या सीटवर चढले. खोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कडा धरल्या. सोलापूर येईपर्यंत, तासाभराहून जास्त, ते जराही हलले नाहीत.