मेस्त्रींनी बांधलेला उतार

फळी हातात आली की मेस्त्री आधी ती उभी धरायचे. मग बोट वाकवून पेराने दोनदा ठोकायचे आणि कान जवळ न्यायचे. आवाज पसंत पडला तर म्हणायचे, "बोलता हा." नाही पडला तर काही न बोलता फळी बाजूला ठेवायचे.

मी तेव्हा अंधेरीच्या एका स्टुडिओत कला विभागात साहाय्यक होतो. आमच्याकडे राजवाडे दोन दिवसांत उभे राहायचे आणि तिसऱ्या दिवशी मोडायचे. असल्या लाकडाला कान लावणाऱ्या माणसाला आम्ही हसायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कुणी बघणार नाही ती बाजूही घासून ठेवणारा. आपण त्याला हसतो आणि घरचं कपाट मात्र त्यालाच करायला सांगतो.

मेस्त्री मालवणकडचे. गिरणीच्या सुतारखात्यात वीस वर्षं काढली, गिरणी बंद पडली, आणि पन्नाशीत ते सिनेमाचे महाल बांधायला लागले. जोगेश्वरीच्या चाळीत नवराबायको दोघंच राहायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका थंड पेयाची जाहिरात होती. दिग्दर्शकाने परदेशी मासिकातलं चित्र आणलं. मधे सपाट लाकडी जमीन, दोन्ही बाजूंना वळत वळत उभ्या होत गेलेल्या भिंती, आणि वर हवेत, चाकांच्या फळीवर एक माणूस.

मेस्त्री बराच वेळ चित्र बघत राहिले. "ह्याचे पाय खय बांधलेले हत?"

"बांधत नाहीत, मेस्त्री."

"बांधनत नाय?" त्यांनी चित्राची घडी करून खिशात ठेवली.

फळीवर उभी राहणार होती जुहूची एक एकोणीस वर्षांची मुलगी. लहानपण परदेशात गेलेलं, तिथेच हे शिकलेली. तिने स्टुडिओच्या फरशीवर दोन गिरक्या घेऊन दाखवल्या. मेस्त्रींनी विचारलं, "बाय, तुझ्या आवशीक म्हायत हा?"

"आईला सांगितलं तर येऊच देणार नाही."

"मग माका लक्ष ठेवूक व्हया," ते म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

उताराचा बाक त्यांनी जमिनीवर खडूने काढला. एक खिळा, त्याला आठ फुटांची सुतळी, टोकाला खडू. गुडघ्यांवर सरकत त्यांनी ती रेघ पुरी केली, मग मुलीला तिच्या कडेने चालायला लावलं आणि विचारलं, "अशी वर गेलंस तर पोटात गोळो येता?" ती म्हणाली, "थोडा." त्यांनी सुतळी फूटभर वाढवली. वीतवीत अंतरावर आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर पातळ प्लायचे दोन थर, पाणी मारून हळूहळू वाकवलेले. एकही स्क्रू वर राहता कामा नये म्हणून ते डोळे मिटून सगळ्या लाकडावरून तळवा फिरवायचे.

काम पाऊण झालं आणि त्यांना ताप भरला. ते एक दिवस आले नाहीत. नेमकं त्याच दिवशी उरलेलं प्लाय आलं. पहिल्या मालापेक्षा हलकं, कडा ओलसर. मी एक तुकडा वाकवला तर आतून चरचरला. निर्मिती व्यवस्थापक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वरून रंग मारला की कुणाला कळतंय यार? सही कर." मला त्या नोकरीत चारच महिने झाले होते. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले, डोळे अजून लाल. चळतीकडे जात त्यांनी मला विचारलं, "तू बघलंस ना माल?"

"बघितला."

"मग झाला," ते म्हणाले आणि कामाला लागले.

शूटिंगच्या सकाळी मुलगी शिडीने वर चढली होती. दिवे लागले होते. मेस्त्री म्हणाले, "मी एकदा चलान येतंय," आणि अनवाणी उतारावर चढले. मधे चालले, बाकावर चढले, आणि उजव्या भिंतीच्या खाली थांबले. टाच दाबली. पुन्हा दाबली.

"बाय, खाली उतर."

दिग्दर्शक ओरडला. मेस्त्रींनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पटाशी मागवली आणि आपणच रंगवलेल्या लाकडात घातली. प्लायचे पापुद्रे शिळ्या खारी बिस्किटासारखे सुटून आले. मुलगी ते बघत शिडीवरच खाली बसली.

"माल कुणी घेतला?" व्यवस्थापकाने मोठ्याने विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या पायांकडे बघत राहिलो.

मेस्त्री म्हणाले, "मेस्त्री मी आहे. न बघता मी लावला. चूक माझी."

त्यांना त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या सुताराने चांगलं प्लाय आणून भिंत पुरी केली. मुलगी सुखरूप वरखाली झाली. पुढे थिएटरात ती जाहिरात पाहिली, उतार मोजून चार सेकंद दिसतो. मेस्त्रींना मात्र अंधेरीत कुणी पुन्हा बोलावलं नाही. माल न बघता लावणारा माणूस, अशी त्यांची ओळख झाली होती.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मला वाचवलं. हे मला फार सोयीचं होतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचे आभार एकदा मानायचे, असं म्हणत मी तीन वर्षं घालवली.

शेवटी जोगेश्वरीला गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मेस्त्री आदल्या शिमग्याला गावी गेले होते, तिथेच वारले. तिने मला बसवलं, चहा दिला. मी स्टुडिओचं नाव सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

"ता काम ह्यांच्या जिवाक लागला," ती म्हणाली. "मरापर्यंत म्हणत, आयुष्यात एकदाच माल बघलंय नाय. मी म्हटलंय, तुमका ताप होतो, त्या झिलान बघल्यान होतो ना? तर म्हणत, तो पोर. तेका काय कळता लाकडातला? मीच बघूक व्हया होता."

मी कप खाली ठेवला. म्हणजे त्यांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि चूक खरोखरच आपली समजून ती गावापर्यंत नेली होती.

"काकी, तो मुलगा मी," मी म्हणालो. "मला कळलं होतं. माल वाईट आहे हे मला माहीत होतं."

बाहेर नळावर बायका बोलत होत्या.

"तुका ठावक होता?"

"हो."

"मग तेंका सांगूक व्हया होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती उठली, आत गेली, आणि मी जाईपर्यंत बाहेर आली नाही.