आधी खाली पोचल्याचं कळवा

मी लडाखमध्ये होतो हे रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारात एकदा कुणालातरी सांगितलं आणि तेव्हापासून माझं डोकं उठलंय. रिक्षावाला विचारतो, बँकेतला कॅशियर विचारतो, आंब्याच्या पेट्या भरताना गडी विचारतो. "सुभेदार, जूनमध्ये जावं की सप्टेंबरात?" "बुलेट इथून रेल्वेने पाठवावी की तिकडेच भाड्याने घ्यावी?" "बर्फ नक्की मिळेल ना?" जसा काही मी सैन्यात नव्हतो, ट्रॅव्हल कंपनीत होतो. यंदा माझा सख्खा भाचा निलेश मित्रांची टोळी जमवून हेच विचारत आला. त्याला मात्र मी समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो. पुढच्या माणसाला हे वाचायला देईन आणि मी कामाला मोकळा होईन.

माझी पोस्टिंग लडाखमधल्या एका उंच खिंडीच्या पायथ्याशी होती. खिंडीचं नाव सांगत नाही, सांगितलं की लगेच मोबाइलवर शोधाल. छोटी पोस्ट, मी डिटॅचमेंट कमांडर, म्हणजे तुकडीचा प्रमुख. रस्त्यावर लक्ष ठेवायचं, वर जाणाऱ्या कॉन्व्हॉयची नोंद करायची, रेडिओ सेट सांभाळायचा. एक एमआय रूम, म्हणजे औषधपाण्याची खोली. तिच्यात ऑक्सिजनचे सिलिंडर आणि स्ट्रेचर. बाहेर एक अॅम्ब्युलन्स. आजूबाजूला वाळू, दगड आणि वर बर्फ. झाड औषधालाही नाही. कोकणातल्या माणसाला तिथे पहिले काही दिवस नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही.

मला वाटलं होतं, उन्हाळ्यात लोक येतील, मग शांतता. कसली शांतता आणि कसलं काय. रस्ता उघडला रे उघडला की मोटरसायकलवाले. नदीला पाणी वाढलं की रबरी होड्या घेऊन उड्या टाकणारे. त्यांच्या मागून सायकलवाले, जे चढ सायकलने चढतात आणि सामान मागून गाडीतून येतं. थंडीत आमचं पाणी जेरीकॅनमध्येच दगड व्हायचं, तेव्हा गोठलेल्या नदीवर चालायला लोक यायचे, हिमबिबट्या बघायला यायचे. बर्फ जरा उतरला की जर्दाळूचा फुलोरा बघायला पुढची बॅच तयार. बाराही महिने जत्रा. आणि ही जत्रा आमच्या पोस्टवर थांबणारच, कारण तिथे चहा होता, संडास होता आणि जवान होते.

"भाऊ, बंदूक हातात घेऊन एक फोटो?" नाही. "इथे ऑक्सिजन फुकट मिळतो ना?" हो, मरायला टेकलात तर. ज्याला काहीही झालेलं नाही असा धडधाकट पोरगा नाकावर मास्क लावून कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवतो, तेव्हा तो सिलिंडर खालून वर आणायला किती माणसांची कंबर मोडली हे त्याला कोण सांगणार? मी सांगायचो. मग ते म्हणायचे, साहेब फार तापट आहेत.

न तापणारा माणूस आमच्याकडे एकच. नाईक अनंत पालशेतकर, नर्सिंग असिस्टंट, राहणार हेदवी. एमआय रूम त्याच्या ताब्यात. पर्यटकांशी तो असा बोलायचा की जणू घरच्या पडवीत पाहुणे आलेत. "बसा वाईच. पाणी प्या. डोकं दुखतंय काय? मग आज वर नाय जायचं." निम्मे लोक ऐकायचे. माझं निम्मेसुद्धा ऐकत नव्हते.

पोस्टवर एक शिस्त त्याने लावली. पूर्वी आम्ही वर कोण गेलं ते लिहायचो आणि सोडून द्यायचो. अनंत म्हणाला, "साहेब, माझा बाबा होडी घेऊन जायचा तेव्हा आय काय बोलायची नाय. होडी किनाऱ्याला लागली की कोणीतरी धावत येऊन सांगायचा, पोचले. त्याच्यानंतरच ती जेवायची. आपण पण तसंच करूया." तेव्हापासून नियम झाला. फौजेची गाडी असो की सिव्हिलियन, खिंडीच्या या बाजूला उतरो की त्या बाजूला, सेटवर "सगळे डाउन", म्हणजे सगळे खाली पोचले, असं आल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. आणि अनंतही तोवर जेवायचा नाही. लंगरवाला, म्हणजे आमचा स्वयंपाकी, वैतागायचा, ताट झाकून ठेवायचा.

आता त्या कुटुंबाकडे येतो. नाव लिहीत नाही. रत्नागिरीचेच होते, हीच मोठी पंचाईत. एका दुपारी दोन गाड्या पोस्टवर थांबल्या आणि आतून मराठी ऐकू आलं. कुटुंबातले वडीलधारे आबा, वय सत्तरीच्या घरात. त्यांची बायको, मुलगा, सून, मुली, नातवंडं. मी आणि अनंत दोघं रत्नागिरी जिल्ह्यातले म्हटल्यावर त्यांना काय आनंद. आंबापोळी काढली, फणसाची साटं काढली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

मग कळलं की ते विमानाने आदल्याच दिवशी लेहला उतरलेत. म्हणजे परवा समुद्रकिनाऱ्यावर होते आणि उद्या खिंडीवर. आबांनी परसातल्या माडाचे नारळ आणले होते. खिंडीवर नारळ फोडायचा, सगळ्या घराण्यासाठी गाऱ्हाणं घालायचं, असं ते घरच्या देवापुढे बोलून आले होते.

अनंत त्यांच्या शेजारी बसला. "आबा, नारळ फोडा. माझा काय विरोध नाय. पण दोन दिवस इथे नुसतं पडून राहा. डोक्यावरून आंघोळ नको. सकाळी पोटात काहीतरी घाला, मग जा. आणि वर जास्त थांबू नका. नारळ, नमस्कार, की परत."

आबांची बायको म्हणाली, "पारोशाने नारळ फोडायचा? आणि खाऊन?"

"देव समजून घेईल, काकी."

"देव घेईल रे. मला नाही ना पटत."

आबा हसले. "अरे, मी अजून आंब्यावर चढतो."

"आंबा एवढा उंच नाय, आबा," अनंत म्हणाला.

सगळे हसले. पण दोन दिवस थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, परतीची तिकिटं काढलेली होती. मी सिव्हिलियनला ऑर्डर देऊ शकत नाही. हात जोडू शकतो. जोडले. बाईंनी मला आणखी एक साट दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टजवळ त्यांनी भाड्याने घेतलेल्या तंबूंबाहेर गरम पाण्याच्या बादल्यांची रांग. कडाक्याच्या थंडीत सगळं कुटुंब न्हायलं, आणि नारळ फुटेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही म्हणून उपाशीपोटी निघालं. पोस्टवर अनंतने आबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि सरळ म्हणाला, "जाऊ नका." आबा म्हणाले, "आलोच." गाड्या गेल्या.

वर काय झालं ते आम्हाला नंतर त्यांच्या ड्रायव्हरने, स्टॅन्झिनने, कपाळाला हात लावून सांगितलं. आबांनी नारळ फोडला. वाऱ्यात उभं राहून सगळ्या कुळाचं गाऱ्हाणं घातलं, एकेका घराचं नाव घेऊन. ते संपलं तेव्हा मुलाच्या लक्षात आलं की थंडीने फोन मधेच बंद पडलाय आणि व्हिडिओ झालेलाच नाही. गावाकडे सगळ्यांना दाखवायचा होता. मग दुसरा फोन काढला, दुसरा नारळ काढला, आणि सगळे आबांना म्हणाले, आबा, पुन्हा एकदा. आबांनी पुन्हा सुरुवात केली. बर्फ पडायला लागला होता. गाऱ्हाणं अर्ध्यावर असताना आबा खाली बसले आणि त्यांना उठता येईना.



त्यांना गाडीत घालून स्टॅन्झिन निघाला. खाली दोन वळणांवर मोटरसायकलवाल्यांची टोळी. रस्त्यावर आडव्या गाड्या लावून बर्फात नाचत होते, शूटिंग चालू होतं. त्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी वाहनं अडकली. अडकलेल्यांत आमचा एक ट्रक होता, त्यावर सेट होता म्हणून आम्हाला कळलं.

"पोस्ट, पेशंट आहे. वय झालेला माणूस. श्वास घेताना छातीत पाणी वाजतंय. ओठ निळे. ओव्हर."

अनंत आधीच अॅम्ब्युलन्समध्ये बसला होता. सोबत दोन जवान. गाडी जाममध्ये थांबली तिथून ते सिलिंडर पाठीवर घेऊन चालत वर गेले. त्या उंचीवर नुसतं चाललं तरी जीव घशाशी येतो. आबांना ऑक्सिजन लावला, स्ट्रेचरवर बांधलं, मोटरसायकली ढकलून वाट काढली आणि खाली आणलं. इतकं सगळं मी सेटवर ऐकत होतो.

"पेशंट लोड झाला. काकी सोबत आहेत, ऑक्सिजन जवान बघतोय. गाडी निघाली, मी मागे थांबलोय. ओव्हर."

"शाब्बास. बाकीचे? ओव्हर."

"बाया, पोरं जवानांबरोबर चालत उतरतायत. आबांचा मुलगा परत वर गेलाय. ओव्हर."

"कशाला?"

अनंत म्हणाला, "गाडीत नारळाची भकलं राहिली म्हणतो. प्रसाद वाटायचा राहिलाय."

जे तोंडात आलं होतं ते सेटवर बोलण्यासारखं नव्हतं.

"साहेब, वरच्या अंगाला बर्फ धरलाय, कधीपण सुटेल. त्याला घेतो आणि उतरतो. ओव्हर."

"जा. पटकन. खाली पोचलास की कळव. ओव्हर."

"रॉजर."

त्याला वर जायला मीच सांगितलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन. वर माणूस होता.

बर्फ सुटला तो त्या वळणावरच. खाली उतरणाऱ्या जवानांनी वळून बघितलं तर रस्ता नव्हता, पांढरा उतार होता. मुलगा गाडीच्या आडोशाला होता, कमरेपर्यंत गाडला गेला, वाचला. अनंत त्याच्यापासून थोड्याच अंतरावर, मोकळ्या रस्त्यावर होता. आम्ही सगळे वर गेलो. मोटरसायकलवालेही आले, हेल्मेटने बर्फ उपसत होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. अनंत सापडला तेव्हा ऊन पहाडाच्या माथ्यावर गेलं होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आबांचा मुलगा एमआय रूममध्ये अनंतच्याच स्टुलावर बसला होता. हातात नारळाच्या भकलांची कापडी पिशवी. मी आत गेल्यावर तो उठून उभा राहिला आणि पिशवी पुढे करून म्हणाला, "साहेब, ह्याचं काय करू?"

मी म्हणालो, "ठेव तिथे."

आबा वाचले. मी त्या घरावर चिडलो का? हो. अजून आहे. ते वाईट नव्हते, म्हणून जास्त चिडलोय. दुष्ट माणसावर राग काढून मोकळं होता येतं. ज्यांनी मला हाताने साटं वाढली त्यांचं काय करू?

अनंतला घेऊन मी हेदवीला गेलो. ट्रक अंगणापर्यंत जात नव्हता, आम्ही त्याला खांद्यावरून आणलं. सगळी वाडी रडत होती. त्याची आई दारात उभी होती, रडत नव्हती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "पोचला काय?"

मी म्हणालो, "पोचला, आई."

मग मी बाजूला जाऊन पोस्टला फोन लावला आणि त्या दिवसाची नोंद बंद करायला सांगितली. तोवर कुणी ती बंद केली नव्हती. मीही सांगितलं नव्हतं.

हे सगळं ऐकून निलेश म्हणाला, "मामा, पण सुट्टी आठच दिवसांची आहे. त्यात दोन दिवस झोपून काढायचे म्हणजे..."

म्हणजे काय, ते मी त्याला सांगितलं. माझी बहीण शालू आतून बाहेर आली, इतका आवाज चढला होता. शेवटी ठरलं. एक तलाव गळला, वाळूतल्या उंटांची सवारी गळली, दोन दिवस पडून राहणं आलं. उतरल्यावर त्याने लेहहून फोटो पाठवला, पाच धटिंगण गाद्यांवर पसरून पत्ते खेळतायत. खाली लिहिलं होतं, "खूश?" खूश होतो.

खिंडीच्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, "निघतोय." मग काही नाही. वर रेंज नसते, मला माहीत आहे. शालूचा फोन दर थोड्या वेळाने येत होता आणि मी तिच्यावर खेकसत होतो, की रेंज नसते हे कितीदा सांगू? जेवायला बसलो नाही. बायकोने ताटावर ताट झाकलं. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. निलेशचा मेसेज होता, मी शिकवला होता तसाच. "सगळे डाउन."

शालूला कळवलं. मग हेदवीला फोन लावला. निलेश निघाला त्या दिवशीच मी तिकडे सांगून ठेवलं होतं. मी सल्ला दिलेलं कुणीही वर गेलं की सांगतोच. अनंतच्या आईला आता ऐकू कमी येतं, पण पहिल्या रिंगलाच तिने फोन उचलला.

"पोचली पोरं?"

"पोचली, आई."

"बरं झालं," ती म्हणाली. "मी पण आता जेवते. तू पण जेवून घे."