लांबचं पोरगं घेऊ नये

मेलबर्नच्या विमानतळावर देश सोडून जाणाऱ्यांना एक कार्ड भरावं लागायचं. पाहुणे म्हणून आला होतात, इथले रहिवासी असून तात्पुरते बाहेर चाललात, की कायमचे चाललात, असे त्यात चौकोन. आमच्या सहा बॅगा वजन होऊन आत गेल्या होत्या, फ्लॅटच्या किल्ल्या एजंटाच्या हवाली झाल्या होत्या, कुकर आणि गाद्या शेजाऱ्यांत वाटून झाल्या होत्या. तरी मी ठामपणे 'तात्पुरते' या चौकोनात फुली मारली. खिडकीतल्या साहेबानं कार्ड पाहिलं, अमेरिकेचा व्हिसा पाहिला, आणि विचारलं, "परत केव्हा?" मी म्हणालो, "सीझन सुरू व्हायच्या आत." माझ्या बायकोनं, मंजिरीनं, मागून शर्टाला असा हिसका दिला की वरचं बटण तुटलं. साहेबानं दुसरं कोरं कार्ड पुढं सरकवलं. ते मंजिरीनं भरलं.

ही २००३ची गोष्ट. सीझन म्हणजे फुटबॉलचा. लांबट चेंडूचा, हातांनीही खेळायचा, ऑस्ट्रेलियातला फुटबॉल. विट्यात राहिलेल्या माझ्या भावंडांना तो खेळ कुस्ती आणि दहीहंडी एकत्र केल्यासारखा वाटेल. मलाही तसाच वाटला होता. मेलबर्नला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "हू डू यू बॅरॅक फॉर?" तू कुठल्या संघाचा पाठीराखा, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी 'बराक' ऐकलं, आणि आमच्या घरात लष्करात कोणीच नाही, एक चुलते तेवढे होमगार्डमध्ये होते, असं त्याला सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि शनिवारी मला मैदानावर नेलं. त्या दिवसापासून मी त्याच्या क्लबचा झालो. क्लबचं नाव इथं लिहीत नाही. त्याच्या पाठीराख्यांशी मी जे भांडलोय ते पाहता न लिहिणंच तब्येतीला बरं.

हे सगळं मी रागानं लिहितोय, ते आधीच सांगून टाकतो. मागच्या वर्षी, २००७ साली, मला पुण्याहून एक फोन आला होता. तो मी मंजिरीपासून लपवला. आणि त्याच सुमाराला आमच्या क्लबच्या एका एकोणीस वर्षांच्या खेळाडूनं सगळ्यांसमोर असं काही म्हटलं की माझं डोकंच फिरलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मी बरेच दिवस स्वतःला पटवत होतो.

अमेरिकेत आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला उतरलो. इथं आमच्यासारखे इतके आहेत की रविवारी किराणा आणायला गेलं की निम्म्या पुण्याला हाय म्हणावं लागतं. शिरीष त्यातलाच, पण नागपूरचा. मेलबर्नच्या प्रोजेक्टवर तो माझ्याबरोबर होता आणि क्लबचं वेडही त्यानं बरोबर आणलं होतं. दर शनिवारी सकाळी तो सामन्याच्या बातम्यांचे प्रिंटआउट घेऊन आमच्याकडे यायचा, मंजिरी पोहे करायची, आणि आम्ही दोघं, ज्यांना जिना चढताना धाप लागते असे, अठरा वर्षांच्या पोरांच्या धावण्यातले दोष काढायचो.

खरा रंग नोव्हेंबरात भरायचा. तेव्हा तिकडं ड्राफ्ट असतो. देशभरातली सतरा-अठरा वर्षांची गुणी पोरं एका यादीत येतात, आणि क्लब पाळीपाळीनं एकेक नाव पुकारत त्यांना उचलतात. त्या सीझनमध्ये जो तळाला, त्याची पाळी पहिली. पोरानं कुठं जायचं ते पोरगं ठरवत नाही. पर्थच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबनं घेतलं की त्यानं बॅग भरायची आणि चार तासांचं विमान पकडून परक्या घरी राहायला जायचं. आईबाप कडक कपडे घालून शेजारी बसलेले असतात आणि टाळ्या वाजवतात.

ड्राफ्टच्या आधी दोन महिने आमच्या क्लबच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर नुसता धुरळा. मी तिथं 'विटाकर' नावानं लिहायचो. त्यांनी त्याचं 'व्हिटो' केलं आणि मला इटालियन समजून चालले. चर्चा मात्र अस्सल आपल्याकडची. उंची किती, हाडपेर कसं, गुडघ्याचं जुनं दुखणं लपवलंय म्हणे, बापही खेळायचा पण स्वभावानं तापट. स्थळं बघणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? आणि स्थळ कितीही चांगलं असलं तरी शेवटी कोणीतरी डोळे बारीक करून विचारायचंच: गो-होम फॅक्टरचं काय? म्हणजे पोरगं लांबचं आहे. दोन वर्षं आपण शिकवायचं, वाढवायचं, आणि घरची आठवण येतेय म्हणून हे निघून जायचं.

मंजिरीनं एकदा पोहे वाढता वाढता विचारलं, "हा कुठला फॅक्टर?"

शिरीषनं समजावून सांगितलं.

"म्हणजे माहेरची ओढ," ती म्हणाली. "त्याला एवढं इंग्लिश कशाला?"

आम्ही खूप हसलो. वर शिरीष म्हणाला, "वहिनी, तुम्हाला सिलेक्शन कमिटीवरच घेतो."

तर हा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला लियम म्हणू. पर्थच्याही आत, गव्हाच्या शेतांतल्या कुठल्याशा गावाचा. आमच्या क्लबनं त्याला पहिल्या दहांत उचललं तेव्हा मी हरखून गेलो होतो. उंच, सडपातळ, चेंडू झेलताना हवेत असा थांबायचा जणू खाली कोणी शिडी धरलीय. "वीस वर्षांचं काम झालं," असं मी शिरीषला म्हटल्याचं आठवतं. जणू मुलगीच उजवली होती.

आता तो फोन. आमच्या कंपनीनं पुण्यात मोठं ऑफिस काढलं होतं आणि तिथला विभाग सांभाळायला त्यांना इकडचा माणूस हवा होता. तिथल्या साहेबांनी फोन करून मला विचारलं. पुणे! विट्याहून चार-पाच तासांवर. आईचा चष्मा बदलायचाय, दादांच्या गुडघ्याचं बघायचंय, असं फोनवर नुसतं ऐकायचं नाही, शनिवारी गाडी काढून जायचं. मंजिरीची आई साताऱ्याला. ती तर त्याहून जवळ. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून अकरा मिनिटं बोललो आणि नाही म्हणून सांगितलं. ग्रीन कार्डचा अर्ज अर्ध्यावर आहे, तो सोडला की रांग पुन्हा पहिल्यापासून. आमची मुलगी ईशा आठवीत आहे, तिला मराठीत फक्त भाज्यांची नावं आणि रागवण्याचे शब्द येतात. टाउनहाऊस आत्ताच घेतलंय. कारणं सगळी खरी होती. घरी गेलो तेव्हा मंजिरीनं विचारलं, "काय विशेष?" मी म्हणालो, "काही नाही. ट्रॅफिक." मॉरिसव्हिलला ट्रॅफिक नावाची गोष्टच नाही.

उद्या सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. आणि त्या तिसऱ्या आठवड्यात लियमनं पत्रकारांना सांगितलं की पुढच्या वर्षी मी इथं खेळणार नाही. त्यांनी खोदून खोदून विचारलं. कोचशी बिनसलं का? दुसरा क्लब जास्त देतोय का? घरी कोणी आजारी आहे का? तो म्हणाला, नाही, सगळे चांगले आहेत. मला घरी जायचंय, एवढंच.

एवढंच!

मी ते वाचलं आणि कानशिलं तापली. अरे, कारण तरी दे! आई आजारी आहे म्हण, खोटं बोल. 'मला घरी जायचंय' हे काय कारण झालं? तसं तर मलाही जायचंय. इथं मंडळाच्या गणपतीला जमलेल्या, मोदकाला 'स्वीट डंपलिंग' म्हणणाऱ्या, डोळे मिटून आरतीचं एकच कडवं तीनदा म्हणणाऱ्या प्रत्येकालाच जायचंय. पण आम्ही कारणं तपासतो. व्हिसा तपासतो, मुलांच्या शाळा तपासतो, तिकडची धूळ आणि रस्ते तपासतो, आणि मग राहतो. या पोराला एक वाक्य पुरलं.

लंचमध्ये डबा बाजूला सारून मी कट्ट्यावर लिहिलं. लाज वाटते, पण लिहितो. मी लिहिलं की हा पोरगा मऊ आहे. मी माझ्या आईपासून अर्ध्या पृथ्वीवर राहतो आणि घरची आठवण येते म्हणून एकही दिवस रजा घेतलेली नाही. अशांना आईनं पदराखालीच ठेवावं, आमची निवड वाया घालवू नये.

लोकांनी डोक्यावर घेतलं. 'व्हिटो बरोबर बोलला.' आयुष्यात कधी माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक झालं नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत मला ते पुन्हा उघडून वाचवेना.

शनिवारी शिरीष प्रिंटआउट नाचवतच आला. "वहिनी, ऐका! तुमच्या मिस्टरांनी काय धुतलाय त्याला!" आणि त्यानं भर स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून दाखवलं. मंजिरी कढईपाशी उभी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "एकोणीसचाच आहे ना तो?"

"एकोणीस असो नाहीतर नऊ," शिरीष म्हणाला. "जयंता, यंदा कट्ट्यावर एकच लिहायचं. लांबचं पोरगं घ्यायचंच नाही. भलतं टॅलेंटेड असलं तरी नाही. जवळचं, आपल्या गल्लीतलं बघायचं."

"का?" मी म्हणालो.

"का म्हणजे? काहून येड्यासारखं विचारतो बे? तूच तर लिहिलंस!"

"मी लिहिलं ते मूर्खपणाचं लिहिलं."

शिरीषनं हातातला कागद पुन्हा वाचून पाहिला. मी मात्र सुटलो होतो. मी त्याला ते सांगितलं जे इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मी बारा वर्षांचा असताना दादांनी, माझ्या वडिलांनी, मला कोल्हापूरला तालमीत ठेवलं होतं. अंगानं मी दांडगा होतो, गावातले जाणते पारावर बसून माझी मान आणि मांड्या मोजायचे आणि म्हणायचे, पोरगं नाव काढणार. नवव्या दिवशी मी वस्तादांना सांगितलं, मला घरी जायचंय. त्यांनी विचारलं, कोणी मारलं? नाही. खायला कमी पडतं? नाही. मग? मग काही नाही. दुसऱ्या दिवशी दादा आले. मला वाटलं, आता तालमीच्या दारातच कानाखाली बसणार. दादांनी माझी वळकटी उचलली आणि म्हणाले, "चल. पाचची यष्टी आहे." सगळ्या वाटेत एक शब्द विचारला नाही. पारावरचे नंतर वर्षभर मला 'नऊ दिवसांचा पैलवान' म्हणत होते. दादांनी एकदाही म्हटलं नाही.

"ते लहानपण होतं यार," शिरीष म्हणाला. "हा प्रोफेशनल आहे. आपणही आहोत. आपण गेलो का परत?"

"नाही गेलो! त्यात काय शौर्य आहे?" मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. "त्या पोराला घरी जायचं होतं, त्यानं तोंड उघडून सांगितलं. मला पुण्याची नोकरी समोरून चालून आली होती, आणि मी गाडीत बसून नाही म्हटलं, तेही काचा वर करून. त्याला मऊ म्हणणारा मी कोण?"

कढईत मोहरी जळत होती.

"कुठली पुण्याची नोकरी?" शिरीषनं विचारलं. मग त्यानं मंजिरीकडे पाहिलं, कागद गोळा केले, आणि पोहे न खाता निघून गेला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आमच्याकडून उपाशी गेला.

लियम त्याच्या गावी परतला. कट्ट्यावर त्याला अजून शिव्या पडतात. मी तिथं लिहिणं सोडलंय, कारण तिथली माणसं माझ्यासारखीच बोलतात. विट्यात राहिलेल्यांना वाटतं, आम्ही मजेत आहोत म्हणून येत नाही. इकडं आलेल्यांना वाटतं, आम्ही कधीतरी जाणारच आहोत म्हणून आत्ता घाई नाही. मला दोघांचाही राग येतो, कारण दोन्हींच्या मधे कुठंतरी मी माझं घर ठेवलंय आणि त्याला कुलूप लावून किल्ली खिशात घालून फिरतोय. घर म्हणजे मला तरी आता एवढंच कळतं: जिथं 'मला यायचंय' म्हटल्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. अशी जागा माणसाला एखादी मिळते. आणि अशी जागा आपण दुसऱ्या कोणासाठी ठेवली का, हे मी त्या शनिवारपर्यंत स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

शिरीष गेल्यावर मंजिरीनं गॅस बंद केला, जळकी फोडणी टाकून कढई घासायला घेतली. मी मागं उभा राहून सगळं सांगितलं: फोन कोणत्या दिवशी आला, किती मिनिटं बोललो, काय काय कारणं दिली. ग्रीन कार्ड, ईशाची शाळा, घराचे हप्ते. तिनं सगळं ऐकलं. घासून चकचकीत झालेली कढई पुन्हा घासली. मग नळ बंद करून, पदराला नव्हे, माझ्या शर्टाला हात पुसत म्हणाली, "मीही नाहीच म्हटलं असतं. पण ते मला म्हणायचं होतं."