येशूला आचारसंहिता लागली

चहा आधी घेऊन टाका. हे ऐकताना तो नाकातून बाहेर येतो, असा अनुभव आहे.

तर मंडळी, मी एकदा साक्षात येशू ख्रिस्ताला सरकारच्या तावडीतून सोडवलं. सबंध गाव सोबत घेऊन! नारळ फोडून! फक्त एकच घोळ झाला. येशूला सुटायचंच नव्हतं.

हसू नका, पुढचं ऐका.

मी नेकनूरचा. बी.एड. झालं आणि घाटनांदूरजवळच्या एका गावात मिशनच्या शाळेत लागलो. विषय नागरिकशास्त्र. पोरं ज्याला झोपेचा तास म्हणतात, तो. पण मी तो असा शिकवायचो, की जणू उद्या सकाळी कुणीतरी संविधान पळवून नेणार आहे आणि नववीच्या वर्गानं ते आजच्या आज वाचवायचं आहे.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर रोझम्मा. मूळच्या केरळच्या. तरुणपणी इकडं आल्या आणि मिशनच्या दवाखान्यात मेंढपाळांच्या बायकांकडून मराठी शिकल्या. त्यामुळं पांढरा झगा, गळ्यात क्रूस, चेहऱ्यावर स्वर्गीय शांती, आणि तोंड उघडलं की, "कावून बोंबलायलाव रे पोरांनो?"

माझं पहिलंच वर्ष. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सिस्टरच ठरवणार होत्या. आणि माझ्या नावावर तोवर एक क्रांती जमा होती. गृहपाठ असावा की नसावा, यावर मी वर्गात मतदान घेतलं होतं. निकाल काय लागला असेल, सांगायला हवा का? शेजारच्या वर्गांनीही तोच निकाल आपल्याला लागू करून घेतला.

तेव्हा सिस्टरनी मला बोलावून सांगितलं होतं, "सर, तुमी मानूस चांगले हाव. पन करायच्या आदी जरा इचारत जा. अजून एक क्रांती झाली, की मी सोता तुमाला जीपमदी बसवून देनार."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

आणि लोकसभेची आचारसंहिता लागली.

गावात झाकाझाकी सुरू झाली. आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब तसे गरीब माणूस, पण साहेबाच्या फोनला जाम घाबरणारे. कापडाचा तागा आणि दोन माणसं घेऊन ते गावभर हिंडले. नावांच्या पाट्या झाकल्या, कोनशिला झाकल्या. ज्योतिषाच्या पाटीवरचा पंजा झाकला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची तर टपरीच झाकली, आत माणूस होता तरी. आमच्या शाळेत मतदान केंद्र असतं, म्हणून शनिवारी ते शाळेतही येऊन गेले आणि आमदार निधीतल्या पाण्याच्या टाकीला गुंडाळून गेले.

सोमवारी सकाळी मी फाटकातून आत शिरलो आणि जागीच थिजलो.

फाटकाजवळच्या चौथऱ्यावर येशूचा मोठा पुतळा आहे. पूर्वी तो आत चॅपेलमध्ये असायचा, त्याआधीच्या नाताळात बाहेर आणला होता. उजवा हात आशीर्वादासाठी वर, पंजा उघडा. आणि तो पुतळा डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या कापडात गुंडाळलेला!

माझी ट्यूब पेटली. हात वर, पंजा उघडा, निवडणुकीचे दिवस. आता अजून काय पुरावा पाहिजे?

सिस्टर आदल्या दिवशीच प्रार्थनेच्या शिबिराला संभाजीनगरला गेलेल्या, फोन बंद. जुने शिक्षक निवडणुकीच्या ट्रेनिंगला अंबाजोगाईला. म्हणजे शाळेत सगळ्यात ज्येष्ठ कोण? मी! मी भाऊसाहेबांना फोन लावला.

"भाऊसाहेब, आमच्या शाळेतला पुतळा तुम्ही झाकला का?"

"झाकला असंल सर."

"असंल म्हणजे?"

"लई झाकलंय हो परवापासून. काय काय झाकलं ते आता ध्यानात न्हाई. कावून, काय उघडं राह्यलं का?"

"अहो, येशू आहे तो! उमेदवार नाही!"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, त्याचा हात वर हाय ना?"

"आहे."

"मग राहू द्या झाकल्यालं. वरून आदेश हाय."

फोन कट!

क्षणभर ती जीप माझ्या डोळ्यांपुढून गेली, खोटं कशाला बोलू? पण मी म्हटलं, सिस्टर नसताना त्यांच्या देवाची ही दशा, आणि मी हजेरी घेत बसू? उलट, हीच तर मला कायम करणारी क्रांती! मी तडक नववीत गेलो आणि फळ्यावर लिहिलं: कलम पंचवीस, धर्मस्वातंत्र्य.

पहिल्या बाकावरच्या सारिकानं हात वर केला. "सर, येशूला मतं मागायचीत का?"

"नाही."

"मग त्याचा एक हात झाकला, अन् ग्रामसेवकाचे दोन हात उघडे कावून?"

त्या पोरीला मी तिथल्या तिथं मॉनिटर केलं.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर फलक रंगले. मोर्चा निघाला. पुढं मी, मागं सारिका, तिच्या मागं नववी आणि तिच्या मागं काहीही न कळलेली पाचवी.

"येशूला…"

"मोकळं करा!"

पाराजवळ गोदाआजी मेंढरं घेऊन चालली होती. ती थांबली.

"कुनाला धरलं रं मास्तर?"

"येशूला, आजी!"

"सिस्टरच्या देवाला? आरं, माज्या तिन्ही सुना मिशनच्या दवाखान्यातच बाळंत झाल्या! कोन हाय त्यो मुडदा?"

काठी उगारून आजी मोर्चात शिरली. आजी शिरली म्हणून तिची मेंढरं शिरली. बायबलमध्ये म्हणे मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधायला जातो. इथं सगळा कळप मेंढपाळाला सोडवायला निघाला होता! ऊसतोडीहून नुकती परतलेली माणसं आली, बाया आल्या. त्या दवाखान्यात कुणाची ना कुणाची नाळ कापलेली होतीच.

गावाला वळसा घालून मोर्चा परत शाळेच्या फाटकाशी आला, तोच भाऊसाहेब मोटारसायकलवरून घाईघाईनं आले. गर्दी बघून त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

"सर, माज्या नोकरीवर येईल हो! ह्ये काय चालवलंय?"

"सोडा त्याला!"

"पन वरून…"

आजीनं काठी आपटली. भाऊसाहेब मुकाट चौथऱ्यावर चढले. नाड्या सोडल्या, कापड ओढलं, येशूचे पाय धरून "चुकलं देवा" म्हणाले आणि उतरले. गावानं टाळ्यांचा कडकडाट केला! कुणीतरी झेंडूचा हार घातला. आजीनं नारळ फोडला. कुठल्याशा विजयासाठी राखून ठेवलेला गुलाल बाहेर आला आणि येशूचे दोन्ही गाल लालभडक झाले. मी स्वातंत्र्य या विषयावर भाषण केलं. मेंढरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

कापड माझ्या हातात आलं, तेव्हा एक गोष्ट मात्र खटकली. सरकारी कापड, आणि इतकं बेतशीर शिवलेलं? काठाला दोरासुद्धा जांभळाच? पण क्रांतीत शिवण कोण बघतं, सांगा.

तेवढ्यात घाटनांदूरची जीप येऊन थांबली. सिस्टर उतरल्या. त्यांनी हार बघितला, गुलाल बघितला, फाटकाजवळ फुललेली जत्रा बघितली. आणि माझ्या हातातलं कापड बघितलं.

"कुनी काढलं?"

सगळ्या गावानं अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. भाऊसाहेबांनी तर दोन्ही हातांनी.

"सर, आत या."

ऑफिसात शिरलो तो छाती काढूनच. पाठ थोपटून घ्यायला सोयीचं जावं म्हणून जरा वळूनही उभा राहिलो.

"त्ये कापड मी शिवलंय," सिस्टर म्हणाल्या. "शनवारी संध्याकाळी मीच बांधलं."

"पण सिस्टर… आचारसंहिता…"

"कसली आचारसंहिता? ईस्टरच्या आदी आमी दरसाल मूर्ती झाकतो. आतापस्तोर चॅपेलमदी झाकायचो, म्हून तुमाला कुनाला दिसलं न्हाई. उपासाचे दिवस असत्यात. तोंडाचा उपास असतो, तसा डोळ्याचा बी. रोज दिसतो त्याला कोन बघतंय? दिसंना झाला, की आठवन येती."

मी भिंतीत शिरायला जागा शोधत होतो.

"गुड फ्रायडेला मरनार, तिसऱ्या दिवशी उठनार. समदं ठरल्यालं असतं, सर. अन् तुमी? त्यो अजून मेला बी न्हाई, अन् तुमी उठवून गुलाल लावून बसलाव!"

बाहेर जीप अजून घरघरत उभी होती. मी मनातल्या मनात कपडे भरायला घेतले. नारळ तर फुटलाच होता, फक्त माझ्या हातात पडायचा राहिला होता.

आणि सिस्टर हसल्या. आधी खांदे हलले, मग टेबल हललं. डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी वर्सं झाकायलेय. आठवन यावी म्हून झाकायचं, पन कुनाला आल्याली मी बघितली न्हाई. आज मेंढरं बी इचारायला आली!"

मला कायम केलं. पण अट घातली.

"आता परत झाकला, तर गोदाआजी मला काठी घालंल. ह्या साली राहू द्या तसाच. फुडच्या सालापास्नं झाकायचं काम तुमचं. अन् गावाला आदी समजावून सांगायचं काम बी तुमचंच."

मी पुन्हा मान डोलावली. पुन्हा!

पुढचं वर्ष आलं. गावाला समजावायचं आज, उद्या, परवा करत राहिलं. जिल्ह्यातले एवढे मोठे प्रश्न सोडवायचे असताना एका कापडाबद्दल काय सभा घ्यायची? शनिवारी शाळा सुटल्यावर पटकन बांधून टाकू, म्हणून मी शिडी लावली, वर चढलो आणि येशूचा वर केलेला हात जांभळ्या कापडात कोंबू लागलो.

"ए मास्तर! सोड त्याचा हात!"

खाली गोदाआजी. सोबत मेंढरं.

"आजी, ऐका! हा उपास आहे! डोळ्यांचा उपास!"

"उपास तू कर!"

आरडाओरडा ऐकून माणसं जमली. भाऊसाहेब आले, शिडीला हात लावून हळूच म्हणाले, "सर, औंदा तर निवडनूक बी न्हाई. कावून झाकायलाव?" मी ऑफिसच्या खिडकीकडं आशेनं पाहिलं. सिस्टर खिडकीत उभ्या होत्या. हातात चहा. त्यांनी कप जरासा उंचावला आणि पडदा ओढून घेतला.

मग कोपऱ्यावरून घोषणा ऐकू आली. चाल ओळखीची होती, मीच बसवलेली. पुढं दहावीत गेलेली सारिका, हातात गेल्या वर्षीचे जपून ठेवलेले फलक.

"सर!" ती खालून ओरडली. "कलम पंचवीस!"

शिडीवर उभं राहून मी त्या पोरांच्या डोळ्यांत पाहिलं. अन्यायाची काय ती चीड! नागरिकशास्त्र त्यांना अगदी पक्कं समजलं होतं.

फक्त या वेळी सरकार मी होतो.