जाईबाईंचे अपुरे धवले

शहाडला नदीकडच्या गावाला आता चारी बाजूंनी इमारती आहेत. मधल्या एका कौलारू घरात जाईबाई राहतात. त्या धवलारीण. आगरी लग्नात मांडवात बसून धवले गायचे, एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, हे त्यांचं काम. सासूने त्यांना शिकवलं. त्यांच्याकडे शिकायला मात्र कोणी आलं नाही. लग्नांत डीजे आला तसं त्यांना नुसतं मानाचं पातळ मिळायचं आणि कोपऱ्यात खुर्ची.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी साताऱ्याकडची, इथे अंगणवाडीत सेविका, त्यांच्या शेजारी राहते. मला म्हणाल्या, "बाय, एकदा सगला धवला कुनीतरी टेपात भरून ठेवाला पायजे गो."

त्याच आठवड्यात देवयानी आली. जन्म कल्याणचा, पाचव्या वर्षापासून लंडनला. आपल्या मायभूमीत फिरून माहितीपट करत होती आणि एक आगरी गाणारी बाई शोधत होती. मला वाटलं, देवानेच धाडली. मीच तिला जाईबाईंच्या दारात नेलं.

"लगीन नसताना गात नाय मी," जाईबाई म्हणाल्या. "पन गाईन. देव बोलावला का त्याला बसवाला पायजे. मधी थांबाचा नाय."

"हो आजी. किती वेळ लागेल?"

"दोन तास. तुज्या घरी पावना आला त दारातूनच परतवतंस का?"

सगळे हसले. देवयानीही हसली आणि हो म्हणाली.

अंगण सारवलं, पाट मांडला, त्यावर तांदूळ. जाईबाईंनी डोळे मिटून गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं. सातव्या नावाला साकेत, देवयानीचा सगळं ठरवणारा माणूस, म्हणाला, "बस, मिळालं आपल्याला." त्याच्या हातातली यादी मला दिसली. सिंधी, पापड. कोळी, जाळं. आगरी, गाणं. त्याने गाण्यापुढे खूण केली.

"अहो, त्यांचे देव दारात उभे आहेत," मी म्हटलं.

देवयानी ओशाळली. "ताई, कोणीच सुटायला नको म्हणून प्रत्येक समाजाला दोन मिनिटं ठेवलीत. उल्हासनगरला माणसं थांबलीत."

ती गाडीकडे निघाली. विनवण्या करत मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. जाईबाई थांबल्याच नव्हत्या, गातच होत्या. मी परतले तेव्हा खोकल्याच्या उबळीने गाणं मध्येच तुटलं होतं आणि पदराला रक्त लागलं होतं. माझा मोबाईल सगळा वेळ माझ्या हातात होता. मोठ्या कॅमेऱ्यापुढे त्यावर गाणं भरून घ्यायचं मला सुचलंच नाही. हे पाप माझं.

चैत्रात माहितीपट आला. तोवर ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. मी त्यांना मोबाईलवर दाखवला. त्यांचा आवाज खाडीच्या, दुर्गाडी किल्ल्याच्या चित्रांवरून गेला, चेहरा दिसला तो क्षणभर. खाली लिहिलं होतं, 'लोकगायिका'. नाव नव्हतं. लोकांनी लिहिलं होतं, किती विविधता आहे आपल्याकडे! जाईबाई बोटांवर देव मोजत होत्या. सहाव्याला गाणं विरलं आणि पापडवाली आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल पालथा ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या देवाला हात लावला नाही. सून चित्रा म्हणते, "आई बोलतच नाहीत, मग कळणार कसं?" मला कळतं. बोलावून उभे ठेवले, हेच त्यांच्या मनात.

त्यांना लिहिता येत नाही. म्हणून रोज अंगणवाडी सुटली की मी वही घेऊन बसते. लग्नांत कानावर पडलेल्या ओळी म्हणते, बरोबर असेल तर त्या मान हलवतात. अकरा देवांपर्यंत आलो. मग मी चाल धरून पाहिली. त्यांनी मांडीवर ठेका दिला, मी चुकले. पुन्हा दिला, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा, देव पुन्हा अर्धाच बोलावला जाऊ नये म्हणून, त्यांनी माझ्या तोंडावर हळूच हात ठेवला आणि भिंतीकडे वळून निजल्या.