बाहेरून लावलेल्या कड्या

आमच्या नणंदबाई थिएटरात डोअरकीपर, आणि जात्याच भित्र्या. पाल दिसली तरी स्टुलावर चढणाऱ्या. अशा बाईला इतिहास वाचायची हुक्की यावी, म्हणजे कमालच! मी वाचनालयात काउंटरवर असते. तिथे येऊन म्हणाल्या, "वहिनी, ज्याच्या पुस्तकांसाठी लोक नंबर लावतात ना, त्या लेखकापासून सुरुवात करते. पहिलं कुठलं घेऊ?"

हा लेखक जुन्या दुर्घटना अशा सांगतो, की वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. मी म्हटलं, "ताई, सगळ्यात बारीक घ्या. झेपलं तर पुढचं बघू." मी आपली जाडी बघून पुस्तक दिलं. ते होतं शंभर वर्षांपूर्वी एका नाटकगृहाला लागलेल्या आगीवर.

पिक्चर चालू असताना ताई बाहेरच्या बोळात बसून वाचायच्या. मालकांचा हुकूम असा, की पिक्चर सुरू झाला की बाजूच्या सगळ्या दारांना बाहेरून कड्या घालायच्या. नाहीतर तिकीट काढून बसलेली टोळकी आतून दार उघडून दोस्तांना फुकटात घ्यायची. ताईंनी वर्षानुवर्षं बिनघोर कड्या घातल्या होत्या.

पुस्तकात नेमकं तेच. तिथल्या डोअरकीपरनेही फुकट्यांसाठी कड्या घातल्या आणि जरा पाय मोकळे करायला रस्त्यावर गेला. तेवढ्यात रंगमंचावरच्या पडद्याने पेट घेतला. माणसं आतून दारं बडवू लागली. ताई इथवर आल्या आणि त्यांच्या पाठीमागच्या हॉलमध्ये धडाधड आवाज झाले. ते पिक्चरमधले होते, पण ताईंना कुठलं सुचायला! धावत जाऊन त्यांनी सगळी दारं सताड उघडली. आतले लोक ओरडले, बाहेरचे फुकटे हसत हसत आत शिरले. मालकाने सर्वांदेखत सुनावलं, "उद्या एक जरी कडी उघडी दिसली, तर परवा येऊ नका."

संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. ताटावर बसल्या, पण भात नुसता चिवडत राहिल्या. "मला फार भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "नोकरी गेली तर या वयात मला कोण दारात उभं करील? आणि कडीला हात लावला की छातीत धडधडतं."

इकडे आड, तिकडे विहीर.

"पुढचं वाचवत नाही मला," त्या म्हणाल्या. "तो डोअरकीपर मेला का?"

"छे! तो बाहेरच होता ना. चांगला म्हातारा होऊन गेला." मला वाटलं, ऐकून बाईंना धीर येईल.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे इतकी वर्षं त्याला ते बडवणं ऐकू येत असेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काउंटरवर आल्या. रुमालात बांधलेल्या कड्या स्क्रूंसकट माझ्यापुढे ठेवल्या.

"मालकांना सांगून आले, मी काढल्या म्हणून."

मला रागच आला. "ताई, तो उद्या नव्या बसवील! फुकट नोकरी घालवलीत."

"बसवू दे. मी घालायच्या नाहीत, एवढंच." पदराने कपाळ पुसत त्यांनी कपाटाकडे बघितलं. "त्याचं दुसरं दे. या खेपेला जाडं दे, आता वेळच वेळ आहे."